वृंदाताईंचं नाव

वृंदाताई फोन उचलायच्या, पण हॅलो म्हणायच्या नाहीत. रिसीव्हर कानाला लावून गप्प राहायच्या. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करायचा, वैतागायचा आणि शेवटी स्वतःचं नाव सांगायचा. आवाज ओळखीचा निघाला की त्यांचे खांदे खाली यायचे आणि मग त्या इतक्या गोड आवाजात ‘बोला ना’ म्हणायच्या, की पलीकडच्याला वाटावं, लाइनच खराब होती. आवाज अनोळखी असला तर रिसीव्हर माझ्या हातात यायचा.

“तू बोल गं. मी नाहीये म्हणून सांग.”

मला ते सुरुवातीला नखरे वाटायचे. नंतर त्याचं कारण कळलं आणि मग फोन उचलला की हॅलो म्हणायच्या आधी मीही थांबायला लागले. आजही थांबते.

वृंदा फाटक हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

नव्वदचं दशक संपत आलेलं. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीत, खाली पोळी-भाजी केंद्र आणि वर बापट सरांचा कॉम्प्युटर क्लास. सर एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. बाहेरच्या खोलीत ते पोरांना शिकवायचे आणि आतल्या छोट्या खोलीत आम्ही दोघी धंदेवाल्या लोकांसाठी वेबसाइट करायचो. मी बी.कॉम. होऊन टायपिंगच्या जोरावर लागलेले. वृंदाताई माझ्याआधी वर्षभर आलेल्या. वय पस्तिशीच्या आत, पण केस कानशिलावर पांढरे झालेले. नेहमी फिक्या रंगाची साडी. गर्दीत शोधायच्या म्हटलं तर नजर ठरणार नाही अशा.

आणि काम काय, तर लोकांना सापडवून द्यायचं.

वेबसाइट केली म्हणजे झालं असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. एमआयडीसीतला व्हॉल्व्ह बनवणारा कारखानदार यायचा, सोबत वडिलांचा हार घातलेला फोटो आणायचा आणि म्हणायचा, पहिल्या पानावर हा मोठ्ठा लावा, खाली कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत. वृंदाताई फोटो आदराने हातात घ्यायच्या, नमस्कार करायच्या आणि परत द्यायच्या.

“साहेब, जगातली पानं शोधून देणारं जे यंत्र आहे ना, ते आंधळं आहे. त्याला फोटो दिसत नाहीत, सोनेरी रंग दिसत नाही. ते फक्त वाचतं. तुम्ही व्हॉल्व्ह करता हे अक्षरांत लिहिलंच नाहीत, तर ते बिचारं वाचणार काय?”

“पण नाव तर लिहिलंय ना कंपनीचं!”

“तुमचं नाव तुमच्या घरच्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकाला त्याची अडचण माहीत आहे. तो अडचण टाइप करतो. पानाच्या डोक्यावरच्या ओळीत आधी त्याची अडचण यायला हवी, मग तुमचं नाव.”

हे त्या न कंटाळता प्रत्येकाला समजवायच्या. शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचे घ्या. लोक स्पेलिंग चुकवतात, म्हणून चुकीची स्पेलिंगंही पानाच्या पोटात ठेवा. एका पानावर एकच विषय ठेवा. दुसऱ्यांच्या पानांनी तुमच्याकडे बोट दाखवलं तर यंत्राचा तुमच्यावर विश्वास बसतो, म्हणून व्यापारी संघटनेच्या पानावर, साइटींच्या याद्या ठेवणाऱ्या डिरेक्टऱ्यांत, जिथे मिळेल तिथे तुमचा दुवा लावून घ्या. आणि खोटं लिहू नका.

या शेवटच्या मुद्द्यावर त्या हटून बसायच्या. कल्याणचा एक साडीवाला कुठूनतरी ऐकून आलेला, की पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत सिनेमातल्या नट्यांची नावं शंभर वेळा लिहिली की लोक आपल्या साइटवर येतात. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. बापट सर पण मोहात पडले. म्हणाले, “फाटकबाई, सगळेच करतात म्हणे.”

“करतात. पण नटी शोधणारा माणूस साडी घेईल का, सर? तो शिव्या देऊन जाईल. आणि आपण फसवतोय हे ज्या दिवशी यंत्र चालवणाऱ्यांना कळेल, त्या दिवशी ते आपल्याला यादीतून उचलून फेकतील.” मग साडीवाल्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला नेमकं कुणाला सापडायचंय ते आधी ठरवा. सगळ्यांनाच सापडण्यात काही सुख नसतं हो.”

साडीवाला हसला. त्याला तो विनोद वाटला. वृंदाताई हसल्या नाहीत.

बाळकुमच्या तांडेलशेठची गोष्ट मात्र सगळ्यांत छान होती. आणि सगळं बिघडलं तेही तिथूनच. खाडीकाठच्या कोळ्याचं घर, पण वडिलांच्या वेळेपासून होडी सोडून मासेमारीची नायलॉनची जाळी विकायला लागलेलं. आडवा-उभा, मिशाळ माणूस, गळ्यात सोन्याची जाड साखळी. आल्या आल्या म्हणाला, “मॅडम, तुमचं पन जालं नि आमचं पन जालं. आता हे जालं त्या जाल्यान टाका.”

वृंदाताई त्याच्या दुकानात जाऊन सकाळभर एका स्टुलावर बसून राहिल्या. काही विचारलं नाही. आलेलं गिऱ्हाईक पहिला शब्द काय बोलतं, एवढंच ऐकत होत्या. शेठच्या बायकोने, जनाबाईने, दोनदा चहा दिला आणि शेवटी न राहवून विचारलं, “बाय, तुमना बरा नाय वाटत काय?” पण त्या ऐकण्यातून त्यांना कळलं की कोणीच ‘तांडेल अँड सन्स’ म्हणत येत नाही. कोळंबीचं जाळं, पापलेटचं जाळं, आसाची, म्हणजे जाळ्याच्या भोकांची, मापं, असंच मागतात. त्यांनी प्रत्येक माशाचं वेगळं पान केलं. काही महिन्यांनी शेठला केरळातून आणि मग मॉरिशसहून विचारणा आली. मॉरिशस कुठे आहे ते त्याने बापट सरांच्या क्लासमधल्या नकाशावर बोट ठेवून बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

साइटचा पासवर्ड वृंदाताई गिऱ्हाइकालाच देऊन टाकायच्या. “घर तुमचं, किल्ली तुमच्याकडे राहू दे,” म्हणायच्या. स्वतःचं नाव मात्र कुठल्याही पानावर टाकायच्या नाहीत. आमच्या क्लासच्या साइटवरसुद्धा बापट सरांचं होतं, माझं होतं, त्यांचं नव्हतं.

सोमवारी आल्या आल्या त्या एक काम करायच्या. मोडेम किरकिर करत जोडला जायचा आणि त्या एकेका शोध यंत्रावर काहीतरी टाइप करत बसायच्या. मला वाटायचं, गिऱ्हाइकांचे नंबर बघतायत. एकदा सहज मागे जाऊन उभी राहिले.

“काय शोधताय एवढं?”

“मला,” त्या म्हणाल्या.

पडद्यावर त्यांचंच नाव होतं, इंग्रजीत, तीन-चार निरनिराळ्या स्पेलिंगांनी. प्रत्येकाखाली तीच ओळ, काहीही सापडलं नाही. त्यांनी श्वास सोडला. “चल, चहा सांग खाली.”

त्यांनी मला सांगितलं ते एका शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी वीज जायची. क्लास बंद, सर घरी, खोलीत अर्धवट अंधार. त्या खिडकीशी बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या आणि एकाएकी बोलायला लागल्या.

“माझं लग्न झालेलं आहे गं. नवरा गुजरातेत मोठ्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. सकाळी बाहेरून कुलूप लावून कामावर जायचा. संध्याकाळी यायचा, पाणी प्यायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, आज कुणाकुणाचे आवाज ऐकलेस?”

“म्हणजे?”

“सांगावं लागायचं. एकदा म्हटलं, खालच्या बाईंचं बाळ रडत होतं. दुसऱ्या दिवशी सुतार आणून ती खिडकी फळीने बंद केली. मग मी काहीच ऐकलं नाही म्हणायला लागले. तर म्हणाला, तू खोटं बोलायला लागलीस.”

मी उठून अर्धवट लोटलेली खिडकी सताड उघडली.

“एकदा निसटून माहेरी आले. तो पेढे घेऊन आला, आईच्या पाया पडला. आईबाबांनीच मला त्याच्या हवाली केलं. एवढा सज्जन जावई! दुसऱ्यांदा निसटले तेव्हा माहेरी गेलेच नाही.” त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. “त्याच्या ऑफिसात आता इंटरनेट आलेलं असणार. तो शोधतच असणार. त्याला चिकाटी खूप आहे.”

तेवढ्यात वीज आली, पंखा गरगरायला लागला, आणि त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “चल, त्या रंगवाल्याचं पान पूर्ण करू.” जाता जाता एवढंच म्हणाल्या, “कधी कोणी आलाच, तर मी असेन तिथे फोन कर. सांग, साइटवर व्हिजिटर आलाय. मी समजेन.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सोमवारी मी आले तर वृंदाताई खुर्चीत ताठ बसलेल्या. पडद्यावर त्यांचं नाव होतं आणि त्याखाली एक ओळ आलेली. एकच. निळ्या अक्षरांत, अधोरेखित.

तांडेलशेठने पासवर्ड वापरून, ठाण्यातल्या कुणा ओळखीच्याला हाताशी धरून, स्वतःच्या साइटवर एक नवं पान लावून घेतलेलं. नारळी पौर्णिमेला दुकानात पूजा झाली तेव्हाचा फोटो, त्यात जनाबाईच्या शेजारी अर्ध्या वळलेल्या वृंदाताई. खाली ठळक अक्षरांत आभार, त्यांचं पूर्ण नाव आणि गाव डोंबिवली. पानाच्या डोक्यावरच्या ओळीतसुद्धा त्यांचंच नाव. शेठ त्यांच्याकडूनच शिकलेला.

मी फोन लावला तेव्हा शेठ खुशीत होता. “बघितलंत का? मॅडमना दाखवू नको सांगितलेलं, अचानक खुश करायचं होतं. देवलाच्या पायरीवं नाव कोरतान ना, तसं कोरलंय आमी.”

वृंदाताईंनी रिसीव्हर घेतला. रागावल्या नाहीत. “शेठ, ते पान आत्ता काढा. आत्ता. नंतर सांगते.” त्यांचा आवाज कापत नव्हता, पण वायर धरलेली बोटं पांढरी पडलेली.

पान तासाभरात निघालं. पण यंत्राच्या यादीतून निघालं नाही. ते पुन्हा वाचायला येईल तेव्हा काढेल, आणि कधी येईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तोपर्यंत ती निळी ओळ दिसतच राहणार. त्यातून काही डिरेक्टऱ्यांनी ती उतरवून घेतलेली. वृंदाताई प्रत्येकाला विनंतीची ईमेल पाठवत होत्या. कोणी उत्तर दिलं, कोणी दिलं नाही. गिऱ्हाइकांना त्या नेहमी सांगायच्या, एकदा वर गेलेलं लवकर खाली येत नाही. तेव्हा ते आश्वासन वाटायचं.

फोन आला तो मी घेतला. पुरुषी, मऊ आवाज, शुद्ध मराठी.

“नमस्कार. त्या जाळ्यांच्या कंपनीची साइट बघितली. फार सुंदर काम आहे. आमच्या व्यवसायासाठी तसंच करून हवंय. त्यासंबंधी मॅडमशी बोलता येईल?”

“कोण मॅडम?”

तो हसला. “डोंबिवलीत हे काम करणारे तुम्हीच आहात. पत्ता आहे तुमच्या पानावर. मी फक्त एवढंच विचारतोय, त्या किती वाजेपर्यंत असतात? आवाज जरा ऐकायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं.”

मी फोन ठेवला. वृंदाताईंनी विचारलंच नाही कोण होतं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून पर्स घेतली. त्या दिवसापासून त्या बाळकुमला तांडेलशेठच्या दुकानातून काम करायला लागल्या, कारण त्या पानावर गाव डोंबिवली होतं आणि तो आधी इथेच येणार होता. सरांना सांगितलं, तिकडे नवीन काम निघालंय. खरं कारण सांगू द्या म्हणून मी विनवलं, पण त्या म्हणाल्या, “सर साधे आहेत गं. साध्या माणसांना त्याच्याविषयी सांगितलं की त्यांना त्याचीच दया येते.”

तो आला भर दुपारी. मी आतून बाहेर आले तर सरांच्या समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट बसवलेले, मांडीवर पेढ्यांचा खोका. सर अगदी खुलून बोलत होते.

“अगं ये, ये. हे आपल्या फाटकबाईंचे मिस्टर! बाईंनी कधी सांगितलंच नाही बघ आपल्याला. मी म्हटलं, बसा, त्या बाहेर कामाला गेल्यात, संध्याकाळी एक चक्कर मारतात.”

तो माझ्याकडे बघून हसला. खरंच प्रसन्न हसू होतं. तेच जास्त भयंकर होतं.

वृंदाताई त्या संध्याकाळी खरंच येणार होत्या, फ्लॉप्या घ्यायला. निघण्याआधी फोन पोचायला हवा होता आणि फोन त्याच खोलीत, त्याच्या हाताच्या अंतरावर. मी रिसीव्हर उचलला, नंबर फिरवला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

पलीकडे रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. कोणी हॅलो म्हणालं नाही.

मला कळलं, त्यांनीच घेतलाय.

“शेठ आहेत का?” मी त्या शांततेला म्हटलं. “नाहीत? बरं, निरोप ठेवा. तुमच्या साइटवर व्हिजिटर आलाय. जुनाच आहे. पानावर थांबलाय, जात नाहीये. शेठना म्हणावं, आज इकडे यायची गरज नाही.”

पलीकडून एक श्वास ऐकू आला. मग फोन ठेवला गेला.

“व्हिजिटर म्हणजे?” मागून त्याने विचारलं.

“साइट बघायला येतात ते. मोजता येतात.”

“कोण आलं, कुठून आलं, तेही कळतं?”

“कळतं.”

“छान. तिनेच शिकवलं असणार तुम्हाला.” त्याने खोक्यावरचा दोरा सरळ केला आणि मऊ आवाजात विचारलं, “आज आणखी कुणाकुणाचे फोन आले?”

मी सरांना मशीन बिघडलंय म्हणून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. “आणि मीच त्याला बसा म्हटलं,” ते म्हणाले. मग बाहेर गेले आणि म्हणाले, “माफ करा हं. माझं वय झालं, घोटाळा होतो. फाटकबाईंनी नोकरी सोडली. कुठे गेल्या, सांगून गेल्या नाहीत.” सरांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांचा हात टेबलावरची वही उघडत-मिटत होता. तो त्या हाताकडे बघत राहिला.

“काही हरकत नाही,” तो उठला. “आल्या की पेढे द्या.”

तो खोका सरांनी जिन्याखालच्या कचऱ्यात टाकला आणि नळावर बराच वेळ हात धूत राहिले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तो समोरच्या रसवंतीत बसलेला असायचा. आत यायचा नाही. उसाच्या रसाचा ग्लास समोर, वर्तमानपत्र हातात, नजर आमच्या जिन्याकडे. तक्रार करायची तर काय करायची? माणूस रस पीत होता. मी कोपरला राहायचे. घरी जाताना उगाच बाजारातून फिरून, गल्ल्या बदलून जायचे. एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या फाटकाशी मागे वळून बघितलं तर तो रस्त्याच्या पलीकडे उभा.

“नीट जा हं घरी,” तो तिथूनच म्हणाला. “काळोख पडायला लागलाय.”

त्या दिवसानंतर बाबा मला आणायला-सोडायला यायला लागले. मग एक दिवस रसवंतीतलं बाकडं रिकामं दिसलं. त्याची रजा संपली असावी. बरं वाटलं नाही. समोर होता तोवर कुठे आहे ते तरी माहीत होतं.

मी बाळकुमला गेले. तांडेलशेठच्या गोदामात, नायलॉनच्या हिरव्या-निळ्या गठ्ठ्यांच्या मध्ये त्याने एक कॉम्प्युटर लावून दिलेला. वृंदाताई तिथे काम करत होत्या आणि जनाबाई दाराशी बसून जाळं शिवत होती. तिच्या मांडीवर जाळं होतं, पण हाताशी कोयताही होता. शेठ मला बघून उठला, तोंड वळवून बाहेर गेला. वृंदाताई म्हणाल्या, “रोज एकदा रडतात. मी सांगितलं त्यांना, तुमच्याइतकं चांगलं माझ्यासाठी कोणी केलं नाही.”

त्या बारीक झालेल्या. पण डोळ्यांत काहीतरी नवीन होतं. भीती होतीच, पण ती कामाला लागल्यासारखी दिसत होती.

“बस. आपल्याला पानं करायचीत.”

“कुणाची?”

“माझी.”

ती ओळ काढता येत नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलेलं, की ती खाली ढकलायची आणि तो पुन्हा शोधेल तेव्हा त्याला भलतीच गावं दाखवायची. फुकट जागा देणाऱ्या परदेशी साइटींवर आम्ही त्यांच्या नावाची पानं करायला घेतली. वृंदा फाटक, इंदूर. वृंदा फाटक, भावनगर. वृंदा फाटक, हुबळी, वेबसाइट करून मिळतील. डोक्यावरच्या ओळीत नाव, मथळ्यात नाव, मजकुरात नाव, चुकीची स्पेलिंगंसुद्धा. एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. सगळ्यांत जास्त बोटं हुबळीकडे. तिथे एक फॉर्म, निरोप पाठवा म्हणून. त्यांनी लोकांना जे जे शिकवलं होतं ते सगळं त्या एका नावावर लावलं.

“आयुष्यात पहिल्यांदा खोटी पानं करतेय,” त्या टाइप करता करता म्हणाल्या. “आणि बघ, किती नीट जमतंय.”

हळूहळू ती पानं यंत्राच्या यादीत चढली. बाळकुमची ओळ आधी दुसरी झाली, मग खाली गेली, मग एक दिवस दिसेनाशी झाली.

मग आम्ही लॉग बघायला लागलो. पानावर कोण येतं त्याची नोंद असते, आणि मोठ्या कंपन्यांतून कोणी आलं तर कंपनीचं नाव उमटतं. त्याच्या कंपनीचं नाव उमटलं. जेवणाच्या सुट्टीत. आधी आमच्या क्लासच्या पानावर, मग इंदूर, मग भावनगर. मग हुबळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुबळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अंधाऱ्या जिन्यावर कुणाची तरी पावलं ऐकावीत तसं ते वाटायचं. एकेक ओळ म्हणजे तो, खुर्चीत बसलेला, नीट भांग पाडलेला, वाचणारा. जनाबाईला वाचता यायचं नाही, पण तीही उठून मागे उभी राहायची आणि विचारायची, “आला काय?”

“आला,” वृंदाताई म्हणायच्या.

आणि मग फॉर्ममधून निरोप आला. इंग्रजी अक्षरांत मराठी. त्यांनी तो मोठ्याने वाचला, कारण मला पडद्याकडे बघवत नव्हतं.

“हुबळीची हवा तुला मानवणार नाही. रजा टाकली आहे. येऊन घेऊन जातो.”

वृंदाताईंचे दात वाजत होते. थंडी नव्हती. जनाबाईने त्यांना पाठीमागून घट्ट धरलं, पडू नयेत म्हणून धरतात तसं. मग त्यांनी स्वतःला सोडवून घेतलं, मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, “तो हुबळीत शोधेल तेवढे दिवस माझे आहेत. मला निघायला हवं.”

नंतरचं आधी सांगून टाकते. तो आणखी एकदा डोंबिवलीला आला. सरांनी दारातच सांगितलं, आम्हाला माहीत नाही, आणि या वेळी त्यांच्या हाताला कसलाच चाळा लागला नाही, कारण ते खरं होतं. त्यानंतर तो दिसला नाही. लॉगमध्ये काही महिने हुबळीच्या पानावर त्याची कंपनी उमटत राहिली, मग तीही थांबली. थांबली म्हणजे काय झालं, त्याने नाद सोडला की त्याला दुसरं काही सापडलं, या विचाराने मी अनेकदा झोपेतून दचकून उठलेय. तांडेलशेठला एकदा विचारलं. तो म्हणाला, “मना म्हाईत नाय, नि तू पन इचारू नको.” पण तो हे माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, रडला नाही, आणि त्यावर मी माझ्या परीने समाधान मानलं.

वृंदाताईंना मी शेवटचं पाहिलं ते ठाण्याच्या एसटी स्टँडवर, सकाळच्या उन्हात. शेठने टेम्पोतून आणलेलं. मी त्यांची कपड्यांची पिशवी आणि डब्यात थालीपीठं घेऊन गेलेले. त्यांनी केस कापून टाकलेले, चष्मा लावलेला आणि आयुष्यात कधी घातला नसेल असा भडक नारिंगी पंजाबी ड्रेस घातलेला, जनाबाईच्या भाचीचा. क्षणभर मीच ओळखलं नाही.

“घाबरलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मी पण.” त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा घामाने ओला होता. “पण आज मी कुलपातून पळत नाहीये गं. तिकीट काढून जातेय.”

गाड्या ओळीने उभ्या होत्या. कंडक्टर ओरडत होते आणि मला जाणवलं, की आता त्या ज्या गाडीत चढतील तिचं गाव मला कळणार. कोणी मऊ आवाजात विचारलं, तर माझ्या चेहऱ्यावर ते दिसणार. मी दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले. वृंदाताईंच्या ते लक्षात आलं. त्यांचे ओठ हलले, काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि वळल्या.

मी खाली मान घातली. नारिंगी सलवारीचे काठ, नव्या चपला, डांबरावर सांडलेलं पाणी. चपला एका पायरीवर चढल्या, दुसऱ्या पायरीवर चढल्या आणि दिसेनाशा झाल्या. गाडी हलली तेव्हा चाकं माझ्यासमोरून गेली. पाटी वर होती. मी मान वर केली नाही.